इंजेक्शनं एका गावात, दुखणं दुसऱ्या

चेन्नईचा जुना महाबलीपुरम रस्ता, ज्याला तिथे सगळे ओएमआर म्हणतात, पेरुंगुडीला पोहोचेपर्यंत पुरता आयटीवाल्यांचा झालेला असतो. काचेच्या इमारती, मेट्रोचे खांब, मागच्या अंगाला पळ्ळिकरणैची दलदल आणि तिच्या काठावर शहराचा जुना कचरा डेपो. याच पट्ट्यात मोठी रुग्णालयं आहेत, पोटविकारांचं खास रुग्णालय आहे आणि वंध्यत्व निवारण केंद्रांचे गुबगुबीत बाळांचे फलकही आहेत. राहणारी माणसं बहुतेक बाहेरगावची. हिंजवडीतून बदलून आलेली मराठी जोडपीही त्यात आली. मूल राहत नाही म्हणून यांच्यापैकी कोणी इथेच उपचार घेतं आणि गर्भाशयात गर्भ सोडल्यावर आराम हवा म्हणून आईकडे साताऱ्याला जातं. कोणी पुण्यात ओळखीच्या मॅडमकडे उपचारांची एक फेरी, म्हणजे ‘सायकल’, करून आठवड्याने विमानाने कामावर परत येतं.

वंध्यत्वावरच्या हॉर्मोन उपचारांतल्या दुर्मिळ गुंतागुंतींचा आढावा घ्यायचा तर सुरुवात या ये-जा करण्यापासूनच करावी लागते. या गुंतागुंती का होतात, कोणाला होतात, कशा टाळाव्यात, हे वैद्यकाला पुष्कळ कळलेलं आहे. अडतं ते दुसरीकडे. ज्या डॉक्टरने इंजेक्शनं दिली त्याच्यासमोर ही बाई आजारी पडत नाही. ती पडते रात्री दोनला, परक्या कॅज्युअल्टीत. मग पोटाच्या डॉक्टरसमोर, मेंदूच्या डॉक्टरसमोर, नाहीतर मानेवरची सूज बघणाऱ्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरसमोर. तिथे ‘मूल होण्यासाठी इंजेक्शनं घेतली होती का’ हा प्रश्न विचारला जातोच असं नाही. विचारला तर सासूसमोर खरं उत्तर मिळतंच असंही नाही.

निसर्गात दर महिन्याला बीजकोशात अनेक फॉलिकल वाढू लागतात आणि मेंदूतल्या पिच्युटरी ग्रंथीकडून येणारं एफएसएच कमी होत गेलं की एक सोडून बाकीचे सुकतात. उपचारात हा उतार येऊ देत नाहीत. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रोज एफएसएचचं इंजेक्शन सुरू होतं; इन्सुलिनसारखंच पेन, मागची चकती फिरवून १५० नाहीतर २२५ युनिटवर आणायची, बेंबीच्या बाजूची कातडी चिमटीत धरायची आणि टोचायचं. औषध फ्रीजमध्ये, दुधाच्या पिशवीशेजारी. आठ ते बारा दिवस हे चालतं, मधूनमधून सोनोग्राफी, ज्याला आपल्याकडे सगळ्या बायका ‘फॉलिक्युलर स्टडी’ म्हणतात. फॉलिकल पुरेसे मोठे झाले की ‘ट्रिगर’: बीजं पिकवणारं शेवटचं इंजेक्शन, घड्याळ लावून, कारण त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी बीजं काढायची असतात.

सगळी गडबड बहुधा या ट्रिगरपासून सुरू होते. वर्षानुवर्षं ट्रिगर म्हणून एचसीजी वापरलं गेलं, गरोदर बाईच्या लघवीत सापडणारं तेच हॉर्मोन. निसर्गात बीज पिकवणाऱ्या, पिच्युटरीतल्याच एलएच या हॉर्मोनची लाट एक-दोन दिवसांत ओसरते. एचसीजी रक्तात आठवडाभर आणि त्याहून जास्त रेंगाळतं. बीजकोशात वीस-पंचवीस फॉलिकल तयार असतील तर ते सगळे मिळून व्हीईजीएफ नावाचं एक प्रथिन सोडतात आणि त्याने केशवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागतात. रक्तातलं पाणी आणि अल्ब्युमिन वाहिन्यांबाहेर जाऊन पोटात, कधी छातीत साचतं. वाहिन्यांत उरतं ते घट्ट रक्त. हाच ओव्हेरियन हायपरस्टिम्युलेशन सिंड्रोम, डॉक्टरांच्या तोंडी ओएचएसएस.

याचा सौम्य प्रकार मुळीच दुर्मिळ नाही. आयव्हीएफच्या सुमारे एक तृतीयांश सायकलींत थोडं पोट फुगणं, मळमळणं, ओढल्यासारखं दुखणं होतं आणि आठवड्याभरात जातं. मध्यम ते तीव्र प्रकार ३ ते ८ टक्क्यांत, अतिदक्षता विभागाची गरज पडावी असा त्याहून पुष्कळ कमी. नेदरलँड्समध्ये १९८४ ते २००८ या काळातल्या आयव्हीएफ उपचारांचा माग काढला तेव्हा ओएचएसएसने झालेले मृत्यू लाखात तीनच्या आसपास निघाले. आकडा लहान आहे, पण एक ध्यानात घ्यायला हवं: या बाया आजारी नव्हत्या. गुंतागुंत झाली ती धडधाकट तिशीतल्या बाईला, तिने स्वतःहून पत्करलेल्या उपचारातून. कर्करोगाच्या औषधाला जो हिशेब लावतो तो इथे लावून चालत नाही.

ओएचएसएसच्या दोन वेळा असतात, आणि गाव बदलण्याचा प्रश्न इथेच येतो. लवकरचा प्रकार ट्रिगरनंतर नऊ दिवसांच्या आत दिसतो. तोवर बाई अजून केंद्राच्या नजरेत असते. उशिराचा प्रकार दहा दिवसांनंतर येतो, दिवस राहिल्यामुळे. गर्भ स्वतःच एचसीजी बनवू लागतो आणि शमत आलेला बीजकोश पुन्हा पेटतो. हा प्रकार जास्त तीव्र, जुळं असेल तर अधिकच. म्हणजे ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आला’ म्हणून घरात पेढे वाटले जात असतात तेव्हाच बाईचं पोट तट्ट होत असतं. आणि ते गरोदरपणाचंच लक्षण मानायला सगळं घर तयार असतं. ‘गॅस झालाय, ओवा खा.’

आता ती पोटविकाराच्या रुग्णालयात गेली असं धरू. सोनोग्राफीत पोटात पाणी, क्ष-किरणात फुफ्फुसाभोवती पाणी. आपल्या देशात तरुण बाईच्या पोटात आणि छातीत पाणी दिसलं की पहिला संशय क्षयाचा, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. बीजकोश दहा-बारा सेंटिमीटरचे, गाठींनी भरलेले. सीए-१२५ तपासलं तर तेही वाढलेलं, कारण ओएचएसएसमध्ये ते वाढतंच. मग संशय बीजकोशाच्या कर्करोगाचा. ज्या पोटाला सलाईन, अल्ब्युमिन आणि धीर हवा ते पोट उघडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. दुसरी घोडचूक त्याहून साधी. पाणी साचलंय, लघवी कमी होतेय, मग लॅसिक्स द्या. पण या बाईच्या वाहिन्या आधीच कोरड्या आहेत. लघवी वाढवणाऱ्या औषधाने रक्त आणखी घट्ट होतं आणि मूत्रपिंडं जास्त उपाशी राहतात.

रक्त घट्ट झाल्याची खूण साध्या सीबीसीत दिसते, पण आपल्याकडे ती नजरेतून सुटावी अशीच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. अशा देशात तिशीतल्या बाईचं हिमोग्लोबिन १५.८ आलं तर कागद बघणारा खूशच होतो. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला पेशींचा वाटा, ४५ टक्क्यांच्या वर गेला की ओएचएसएस तीव्र धरतात, ५५ च्या वर गेला की जीवघेणा. मागच्या महिन्यात १०.५ असलेलं हिमोग्लोबिन आज १५ झालं तर ते पालक-बीट खाल्ल्याने झालेलं नाही. पण मागच्या महिन्याचा कागद पुण्यात आहे.

घट्ट रक्त गोठतं. या उपचारातली खरी दुर्मिळ आणि खरी घातक गुंतागुंत ती हीच, आणि तिची ओळख जुनी आहे. १९६५ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये इस्राएली डॉक्टरांनी गोनॅडोट्रोपिनच्या उपचारांनंतर रक्तवाहिन्यांत गुठळ्या झालेल्या रुग्णांची नोंद छापली होती. आयव्हीएफ जन्मायच्या तेरा वर्षं आधीची ही गोष्ट. सामान्यपणे गरोदर बाईला गुठळी होते ती पायात. ओएचएसएसनंतरची गुठळी चमत्कारिकपणे वरच्या अंगाला होते: मानेतली मोठी नीला, हाताकडून येणारी गळ्याखालची नीला. असं का, याचं एक पटणारं स्पष्टीकरण असं की पोटात साचलेलं, गोठवणाऱ्या घटकांनी भरलेलं पाणी लसिकावाहिनीतून वर चढतं आणि डाव्या बाजूला नेमकं या दोन नीलांच्या संगमावर रक्तात उतरतं. मानेच्या एका बाजूला दुखणं, गिळताना ओढ, हात जड आणि निळसर. बाईला वाटतं उशी बदलायला हवी. ही गुठळी अनेकदा गरोदरपणाच्या सातव्या ते दहाव्या आठवड्यात दिसते, पोटातलं पाणी ओसरून गेल्यावर, सगळे निश्चिंत झाल्यावर. इंजेक्शनांना तेव्हा दोन महिने उलटलेले असतात. केंद्राची फाइल बंद झालेली असते.

गुठळीबद्दलचा सगळ्यात भक्कम हिशेब स्वीडनचा आहे. तिथे प्रत्येक नागरिकाला क्रमांक आणि प्रत्येक आजाराची नोंद, त्यामुळे २०१३ मध्ये संशोधकांना आयव्हीएफने दिवस राहिलेल्या २३,४९८ बायका आणि वयाने जुळणाऱ्या इतर गरोदर बायका समोरासमोर ठेवता आल्या. पहिल्या तीन महिन्यांत नीलांमध्ये गुठळी होण्याचं प्रमाण आयव्हीएफवाल्यांत हजारी दीड, इतरांत हजारी ०.३. फुफ्फुसात अडकलेली गुठळी दहा हजारांत तीन, इतरांत ०.४. म्हणजे पट मोठे, आकडे लहान. डॉक्टरने बाईला दोन्ही सांगायला हवं. नुसते पट सांगितले तर ती घाबरते, नुसते आकडे सांगितले तर ती मानेच्या दुखण्याला बाम लावत बसते.

मेंदूतल्या नीलेत गुठळी झाली तर डोकेदुखीपासून सुरुवात होते. हॉर्मोनने डोकं दुखतंच, असं बाईला आधीच सांगितलेलं असतं. मग उलटी, धूसर दिसणं, फिट. आपल्या देशात हा आजार मेंदूविकार तज्ज्ञांच्या चांगल्या ओळखीचा आहे, मुख्यतः बाळंतिणींमध्ये. हॉर्मोनच्या गोळ्यांशीही त्याचं नातं आहे. जाता जाता सांगायला हवं की गणपतीत किंवा सत्यनारायणाला पाळी पुढे ढकलायची नॉरएथिस्टेरॉनची गोळी दुकानातून बिनचिठ्ठीची आणून खाणं हेही या यादीत येतं. तिला कोणी ‘उपचार’ म्हणत नाही, त्यामुळे डॉक्टरला कोणी सांगतही नाही. धमनीतली गुठळी, म्हणजे थेट पक्षाघात किंवा हृदयविकार, ही सर्वांत विरळा. ती लवकर येते, गर्भ सोडल्यानंतरच्या दोन आठवड्यांतच.

विमानाचा प्रश्न मराठी जोडपी हमखास विचारतात. चेन्नई-पुणे उड्डाण दीड-दोन तासांचं, त्याने एकट्याने काही होत नाही. पण पोट फुगलेलं, लघवी कमी, रोज एक किलो वजन वाढतंय अशा अवस्थेत, वाटेत लघवीला जायला नको म्हणून पाणी न पिता खुर्चीत बसून राहणं हा शहाणपणा नव्हे.

बाकीच्या गुंतागुंती भराभर सांगता येतील. फुगलेला बीजकोश स्वतःच्या देठाभोवती पिळला जातो. हजार सायकलींत एखाद-दुसऱ्या वेळी. दुखणं अचानक, एका बाजूला, उलटीसकट. इथे एक सापळा आहे: डॉपलर सोनोग्राफीत रक्तप्रवाह दिसला म्हणून पीळ नाही असं म्हणता येत नाही. आणि दुर्बिणीतून काळानिळा दिसणारा बीजकोशही काढून टाकायचा नसतो, पीळ सोडवायचा असतो. तो बहुधा सावरतो. घाईने काढलेला बीजकोश हा मूल हव्या असलेल्या बाईवरचा दुहेरी अन्याय. दुसरी गोष्ट, एक गर्भ गर्भाशयात आणि दुसरा नळीत. निसर्गात हे तीस हजारांत एकदा घडतं असं जुनी पुस्तकं सांगतात. दोन-तीन गर्भ सोडलेल्या उपचारांत ते शंभरात एकापर्यंत जाऊ शकतं. सोनोग्राफीत गर्भाशयातलं ठोके देणारं बाळ दिसलं की सगळे सुस्कारा टाकतात आणि नळीकडे बघायचं राहून जातं. क्लोमिफेनच्या गोळ्यांनी क्वचित डोळ्यांपुढे चकाकी येते, बघितलेल्या वस्तूची प्रतिमा रेंगाळते. गोळी थांबवायची आणि पुन्हा द्यायची नाही. एचसीजीची रचना थायरॉइडला चेतवणाऱ्या हॉर्मोनशी जुळती असल्याने कधी थायरॉइड उसळतो. पिच्युटरीत आधीपासून गाठ असेल आणि ती कोणाला ठाऊक नसेल तर काही इंजेक्शनांनी तिच्यात रक्तस्राव होऊ शकतो. हे फार विरळा.

एक नोंद मात्र मला थांबून सांगावीशी वाटते. गर्भ टिकावा म्हणून तेलातलं प्रोजेस्टेरॉन कुल्ल्यावर टोचतात. काही देशांत हे तेल तिळाचं असतं. अशा इंजेक्शनांनंतर काही बायकांना ताप, खोकला, धाप लागली. न्यूमोनिया म्हणून अँटिबायोटिक सुरू झाले, उतार पडेना. रक्तात आणि फुफ्फुसांत इओसिनोफिल पेशी वाढलेल्या दिसल्या तेव्हा कळलं की ही तेलाची अॅलर्जी आहे. इंजेक्शन बंद, थोडं स्टिरॉइड, बाई बरी. जगभर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या नोंदी असतील. पण त्या बहुतेकींत निदान झालं ते कोणीतरी ‘सध्या कुठलं औषध टोचून घेताय’ असं विचारल्यावरच.

इतिहासातही एक जागा अशी आहे जिथे गुंतागुंत कित्येक वर्षं उशिरा आली. १९५०च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये गेमझेल यांनी मृतांच्या पिच्युटरी ग्रंथींतून काढलेलं एफएसएच वापरून बीजं पिकवली. ऑस्ट्रेलियाने १९६७ ते १९८५ सरकारी कार्यक्रमातून हे औषध वंध्यत्वासाठी दिलं. पुढे त्यातल्या किमान चार बायका क्रॉइट्झफेल्ट-जेकब या मेंदू पोखरणाऱ्या रोगाने गेल्या; ग्रंथींमधून रोगाचं बीज आलं होतं. त्याच काळात इटलीत डोनिनी यांनी पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीतून हॉर्मोन वेगळं काढलं होतं, आणि ती लघवी मठांतल्या वृद्ध जोगिणींकडून गोळा होत असे. लघवीचं औषध म्हणून नाक मुरडणाऱ्यांना हे सांगावं लागतं की दोन्हींत निर्धोक निघालं ते तेच. आज प्रयोगशाळेत बनवलेलं एफएसएच आहे, लघवीतलं शुद्ध केलेलंही आहे. आपल्याकडे अंबरनाथ-ठाण्याच्या भारत सीरम्सने दोन्ही प्रकार बनवले.

भारतात आयव्हीएफची सुरुवात झाली तीच हॉर्मोनने, हे आपण विसरतो. जगातलं पहिलं टेस्टट्यूब बाळ, इंग्लंडची लुईस ब्राउन, २५ जुलै १९७८ ला जन्मली ती नैसर्गिक सायकलीतल्या एका बीजातून. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी मात्र गोनॅडोट्रोपिन देऊन अनेक बीजं मिळवली आणि गर्भ गोठवून पुढच्या सायकलीत सोडला; मुलगी झाली ३ ऑक्टोबर १९७८ ला. सरकारी समितीने त्यांना खोटं ठरवलं, १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मुंबईच्या केईएममध्ये ६ ऑगस्ट १९८६ ला ज्यांच्या प्रयत्नाने मूल जन्मलं त्या डॉ. इंदिरा हिंदुजांचे सहकारी टी. सी. आनंदकुमार यांनीच पुढे मुखोपाध्यायांचे कागद वाचून पहिला मान त्यांचा असल्याचं जाहीर केलं. चेन्नईत डॉ. कमला सेल्वराज यांच्या रुग्णालयात १९९० मध्ये दक्षिणेतलं पहिलं टेस्टट्यूब बाळ झालं. गंमत अशी की गर्भ गोठवून नंतर सोडणं, जे मुखोपाध्यायांनी केलं, तोच आज ओएचएसएस टाळायचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

तो उपाय असा. पिच्युटरीला आधीच दडपून टाकणाऱ्या जुन्या लांबलचक पद्धतीऐवजी ‘अँटागोनिस्ट’ पद्धत वापरायची. फॉलिकल फार झाले तर ट्रिगरला एचसीजी न देता ल्युप्रोलाइड किंवा ट्रिप्टोरेलिन द्यायचं. त्याने बाईची स्वतःची पिच्युटरी एलएचची लाट सोडते आणि ती लवकर ओसरते. मग त्या महिन्यात गर्भ सोडायचाच नाही, सगळे गोठवायचे. दिवस राहणार नाहीत, म्हणून उशिराचा ओएचएसएस नाही. एचसीजी नाही, म्हणून लवकरचाही जवळजवळ नाही. २०११ मध्ये बेल्जियमच्या देव्रूय आणि सहकाऱ्यांनी याच आधारावर ‘ओएचएसएसमुक्त केंद्र’ शक्य असल्याचं लिहिलं. पेरुंगुडीच्या आयटी कंपन्यांतली जी मुलगी पुढच्यासाठी बीजं गोठवून ठेवते तिच्यासाठी तर हा मार्ग सरळच आहे, तिला त्या महिन्यात मूल नकोच असतं.

मग अजूनही ओएचएसएस का दिसतो? एक कारण पैसा: गोठवणं, साठवणं, पुढच्या महिन्याची तयारी, सगळ्याचा खर्च पॅकेजबाहेर. दुसरं कारण घाई, आणि ती डॉक्टरइतकीच जोडप्याचीही असते. रजा संपत आलेली असते. तिसरं कारण मला जास्त खुपतं. बीजांची संख्या परीक्षेच्या मार्कांसारखी सांगितली जाते. ‘हिची बावीस निघाली.’ ब्रिटनच्या चार लाखांवर सायकलींचा अभ्यास २०११ मध्ये झाला. ताज्या गर्भाच्या सायकलीत मूल होण्याची शक्यता सुमारे पंधरा बीजांपर्यंत वाढत गेली, पंधरा ते वीसमध्ये थबकली आणि वीसनंतर उतरली. बावीस ही शाबासकी नव्हे, धोक्याची सूचना आहे. ती बावीस निघतील हा अंदाजही आधी येतो: रक्तातलं एएमएच हे हॉर्मोन जास्त, वय कमी, वजन कमी, सोनोग्राफीत बारीक फॉलिकलांची माळ, जी पीसीओएस या बीजकोशाच्या विकाराची एक खूण आहे. मुंबईच्या परळ येथील आयसीएमआरच्या प्रजनन आरोग्य संस्थेने शहरातल्या तरुण मुलींची पाहणी केली तेव्हा रॉटरडॅम निकषांनुसार २२.५ टक्के मुलींत पीसीओएस आढळलं. उद्याच्या रुग्णांतला मोठा वाटा जोखमीच्या गटातला असणार.

पीसीओएसवाल्या बाईला थेट इंजेक्शनांवर न्यायची गरजही बऱ्याचदा नसते. लेट्रोझोलच्या गोळ्यांनी एक-दोनच बीजं तयार होतात आणि ओएचएसएसचा धोका नगण्य. पण केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये वंध्यत्वासाठी लेट्रोझोल वापरायला बंदी घातली. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत पीसीओएसमध्ये लेट्रोझोलने २७.५ टक्के बायकांना मूल झालं, क्लोमिफेनने १९.१ टक्के. बंदी उठली २०१७ मध्ये. सावधगिरीच्या नावाखाली पाचहून जास्त वर्षं सौम्य औषध कायद्याबाहेर राहिलं.

कर्करोगाची भीती सगळ्यांनाच असते, म्हणून दोन ओळी. २५ हजारांवर डच बायकांचा सरासरी एकवीस वर्षं माग ठेवल्यावर स्तनाच्या कर्करोगात वाढ दिसली नाही. बीजकोशाच्या बाबतीत थोडी वाढ आढळते, पण वंध्यत्व आणि एंडोमेट्रिओसिस हीच तिची कारणं असावीत असा कल आहे.

सर्वांत वाईट अवस्था बीजदात्रीची. तिला मूल नको असतं, त्यामुळे उशिराचा ओएचएसएस तिला होणार नाही. पण तिच्याकडून जितकी बीजं तितका पैसा, म्हणून लवकरच्याचा धोका मुद्दाम वाढवला जातो. आणि बीजं काढल्यानंतर तिची विचारपूस करणारं कोणी नसतं. मुंबईत २०१० मध्ये बीजं दिल्यानंतर दोनेक दिवसांत एका सतरा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत तेवीस वर्षांची दात्री गेली. २०२२ मध्ये तामिळनाडूतल्या ईरोडचं प्रकरण उघडकीस आलं: सोळा वर्षांच्या मुलीचं वय खोट्या कागदांवर वाढवून तिची बीजं अनेकदा काढली गेली होती. आरोग्यमंत्री मा. सुब्रमणियन यांनी राज्यातल्या आणि शेजारच्या राज्यांतल्या रुग्णालयांवर कारवाई जाहीर केली.

त्याच वर्षी २५ जानेवारीला प्रजननसाहाय्य तंत्रज्ञान कायदा लागू झाला होता. त्यानुसार दात्रीचं वय २३ ते ३५, आयुष्यात एकदाच दान, आणि एका वेळी सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत. या सातवर वंध्यत्वतज्ज्ञ नाराज आहेत, कारण बीजकोशाला सातवर थांब असं सांगता येत नाही आणि सात बीजांतून हातात येणारे चांगले गर्भ थोडे. त्यांचं गणित बरोबर आहे. तरी सौम्य मात्रा देण्याची सक्ती करणारा हा आपल्याकडचा एकमेव आकडा आहे, आणि तो कोणाच्या पोटाच्या बाजूने आहे ते उघड आहे.

कायद्याने दात्रीसाठी बारा महिन्यांचा विमाही जोडप्याला काढायला लावला. बीजं काढताना होणारी इजा, गुंतागुंत, मृत्यू त्यात येतात. स्वतःसाठी इंजेक्शनं घेणाऱ्या बाईला असं कलम नाही. उलट आरोग्यविम्याच्या छापील अटींत वगळलेल्या गोष्टींच्या यादीत सतरावा क्रमांक वंध्यत्वाचा आहे, आयव्हीएफच्या नावासकट. पोटातलं पाणी काढायला अतिदक्षता विभागात चार दिवस काढले की विम्याचे दावे तपासणाऱ्या टीपीएच्या टेबलावर हीच ओळ पुढे येऊ शकते. त्यामुळे केस पेपरवर ‘आयव्हीएफ’ लिहू नका, अशी गळ डॉक्टरला घालायचा मोह नवऱ्याला होतो. पेपरवर तो शब्द नसला तर रात्रपाळीच्या डॉक्टरला दिसतं ते एवढंच: तरुण बाई, पोटात पाणी, लघवी कमी, हिमोग्लोबिन उत्तम.